राजहंस उतरले ते वर्ष

आमच्या क्वार्टरला दोन दारं होती. पुढचं दार गावाकडे उघडायचं आणि त्यातून दिवसभर माणसं यायची. कुणाचं लेकरू तापलेलं, कुणाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, कुणाला नुसतंच टेकून दोन शब्द बोलायचे असायचे. आई त्या गावच्या उपकेंद्राची नर्स होती. पुढची खोली हाच दवाखाना, मधल्या खोलीत आमचा संसार आणि मागे चूल. स्पिरिटचा वास आणि लसणाच्या फोडणीचा वास माझ्या डोक्यात आजही जोडीनंच येतात; परवा सुनेनं इंजेक्शन घेतलेल्या दंडावर कापूस चोळला आणि मला एकदम भूक लागली. मागचं दार मात्र तळ्याकडे उघडायचं. त्यातून माणसं येत नसत. वारा यायचा, शेवाळाचा ओला वास यायचा, आणि दिवाळी उलटली की पाखरांचे आवाज यायचे.

गाव केळझरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, टेकड्यांच्या ओंजळीत होतं. बाबा वर्ध्याला एका कचेरीत कारकून होते आणि नालवाडीत खोली करून राहायचे. शनिवारी संध्याकाळी फाट्यावर गाडीतून उतरून ते चालत यायचे, हातातल्या पिशवीत संत्री आणि रद्दीतून निवडलेली मासिकं, गळ्यात दुर्बीण. ही दुर्बीण त्यांना एका निवृत्त साहेबांनी दिली होती. तिच्या एका भिंगाला चीर गेलेली होती, त्यामुळे तिच्यातून पाहिलेलं प्रत्येक पाखरू मधोमध तडकलेलं दिसायचं. रविवारी पहाटे आई भाकरीचं पीठ मळायला बसली की आम्ही दोघं तळ्याच्या बांधावर जाऊन बसायचो. बांधाला तिकडे पाळ म्हणतात. पाळीवरचं गवत दवानं भिजलेलं असायचं, पाण्यावरून वाफ उठत असायची आणि त्या वाफेत कुठेतरी शेकडो पाखरं एकमेकांशी पुटपुटत असायची. ती दिसायच्या आधी ऐकू यायची. मग ऊन टेकडीवरून खाली सरकलं की एकेक आकार सुटा व्हायचा. शेपटीला तलवारीसारखं टोक असलेली बदकं, फावड्यासारख्या चोचीचे थापटे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे चांदवे, विटकरी रंगाचे चक्रवाक. बाबा नावं सांगायचे आणि मी ती मनात घोळवायचे.

त्या सगळ्यांत माझे होते ते राजहंस. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे ओढलेले, चालायला लागले की गावातल्या पाटलांसारखे सावकाश पाय टाकणारे. "हिमालय ओलांडून येतात ही," बाबा सांगायचे. "पलीकडे बर्फ पडायला लागलं की निघतात." ज्या तळ्यात गावच्या म्हशी डुंबतात त्या तळ्यासाठी कुणी हिमालय ओलांडून येईल, हे मला तेव्हा खरं वाटायचं नाही. आता आम्ही वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहतो. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी त्या पाळीवर मोटारी उभ्या असतात आणि हातभर लांब कॅमेरे घेतलेली मंडळी दबक्या पावलांनी फिरतात, असं मुलगा सांगतो. एकदा तो मला हौसेनं घेऊनही गेला होता. मी गाडीतून उतरले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

आमच्या अंगणाला लागून, मध्ये कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण सोडलं तर एकाच अंगणासारखं, गजूभाऊचं घर होतं. गजूभाऊ तिशीच्या आतला, उंच, सतत हसरा माणूस. फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल होतं. त्याची आई अनुसयाबाई तिथे सकाळी आलुबोंडे तळायची आणि तिच्या तर्रीचा वास उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला ओढून न्यायचा. गावात फटफटी एकट्या गजूभाऊकडे होती. अडलेल्या बाईला तालुक्याला न्यायचं असो की आईची लसीची पेटी आणायची असो, तो कधी नाही म्हणाला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यानंतर लोक म्हणू लागले की तो पहिल्यापासूनच तसा होता. तो तसा नव्हता. हिवाळ्यात तो बदकं धरायचा हे सगळ्यांना माहीत होतं. जाळी लावायचा, चार-दोन पाखरं मिळायची, ती हायवेवरच्या ढाब्यांवर जायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गावात पुष्कळांनी कधी ना कधी बदक खाल्लेलं होतं.

त्याची बायको शोभावहिनी. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं, वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, पण डोक्यावर पदर असल्यामुळे मला ती बाई वाटायची. तिचं माहेर आर्वीकडच्या कोरड्या भागातलं. इतकं पाणी एका जागी तिनं आमच्या गावात आल्यावरच पाहिलं. त्या वर्षी तिला सातवा लागला होता आणि आई तिला रोज संध्याकाळी आमच्या मागच्या ओट्यावर पाय वर करून बसायला लावायची. पायांवर सूज येत होती. मी शाळेतून आले की आई आम्हा दोघींपुढे उकडलेले शिंगाडे ठेवायची आणि आम्ही ते दातांनी फोडत तळ्याकडे बघत बसायचो. शिंगाड्यांच्या काळ्या रसानं आमची बोटं रंगलेली असायची.

"हे एवढ्या दुरून येतेत, त्याईले वाट कशी मालूम राह्यते?" तिनं एकदा विचारलं.

"बाबा म्हणतात, मोठे पक्षी पुढे असतात. त्यांना माहीत असते."

"अन् मोठाच मेला तं?"

मी पुढचा शिंगाडा फोडला. ती हसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "पाह्य, आतमधी लाथ मारून राह्यला. यालेबी पाखरं पाहाची आहेत."

त्या वर्षी राजहंस नेहमीपेक्षा जास्त उतरले. सकाळी वाफ विरली की पलीकडचा काठ राखाडी दिसायचा. बाबा खूश होते. आईनं त्या रविवारी वांग्याचं भरीत केलं होतं, त्यावर ओला सांभार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला, आणि बाबा जेवतानाही राजहंसांबद्दलच बोलत होते. त्या जेवणाची मला फार आठवण येते, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या घरात कुणी मोकळेपणी जेवलं नाही.

पहिली गोष्ट मला दिसली ती शाळेत जाताना. पाळीच्या टोकाला, जिथे पाणी घोट्याएवढं असतं, तिथे एक तलवार बदक बसलं होतं. मी जवळ गेले तरी ते उडालं नाही. अजून जवळ गेले. त्याची मान पाण्यावर आडवी पडलेली होती, एखाद्यानं दोर टाकून द्यावा तशी, आणि ते ती उचलायचा प्रयत्न करत होतं. मान थोडी वर यायची, थरथरायची आणि परत पाण्यात पडायची. डोळा उघडा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मी पळत शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी तशी आणखी पाखरं होती. मग गावातल्या बायकांना ती धुणं धुताना सापडू लागली. गावात जरा आनंदाचंच वातावरण झालं. धावायला नको, जाळं नको, हातानं उचलावं आणि घरी आणावं. संध्याकाळी गल्लीतून जाताना तीन-चार घरांतून मटणाचा वास यायचा. आई सगळ्यांना सांगत होती, आजारी पाखरू खाऊ नका. लोक म्हणायचे, "बाई, जितं होतं. कापलं तेव्हा फडफडत होतं." काही जण पोट बिघडलं, उलट्या झाल्या म्हणून दवाखान्यात येऊन गेले. आईनं त्यांना साखरमिठाचं पाणी आणि गोळ्या दिल्या. ते बरे झाले आणि सगळ्यांनी थंडीला दोष दिला.

मासेमारी करणारे उईके काका एका सकाळी आमच्या मागच्या दारी आले. त्यांची टोळी पलीकडच्या काठावर राहायची, घरात गोंडी बोलायची. एरवी ते मासळी घेऊन पुढच्या दारानं यायचे. त्या दिवशी हात रिकामे होते.

"मी डोंगा नाई टाकला पान्यात," ते आईला म्हणाले. "मले समजून नाई राह्यलं. पानी बिघडलं म्हनावं तं मासे जिते आहेत. मंग पाखरंच काऊन मरून राह्यले?"

आईनं तळ्याकडे पाहिलं. ते गेल्यावरही ती बराच वेळ दारात उभी होती. चुलीवरचं दूध उतू गेलं तेव्हा ती वळली.

त्या दिवसांत तळ्याचा आवाज बदलला होता. पाखरांची नेहमीची कुजबुज कमी झाली होती आणि मध्येच एखादी वेगळीच, घसा बसल्यासारखी हाक यायची. पाण्यावर घारी गोळा व्हायला लागल्या. मग एक घार आमच्याच अंगणात पडली. आकाशातून ती गोल गोल खाली आली, पंख मिटले नाहीत, तुळशीजवळ आदळली आणि पाय झाडत राहिली. मागच्या ओट्यावर शोभावहिनी बसलेली होती. तिनं पदर तोंडावर धरला. "हे चांगलं नाई, माला," ती मला म्हणाली. "मले याईची भीती वाटून राह्यली." त्या संध्याकाळपासून ती ओट्यावर तळ्याकडे तोंड करून बसेना.

गजूभाऊ त्या दिवसांत फारसा दिसत नव्हता. दिवस कलला की तो तळ्याकडे जायचा, सकाळी फटफटीला पोती बांधून हायवेकडे. हसणं कमी झालं होतं. एकदा कुंपणाजवळून मी त्याचा आवाज ऐकला. तो आईला, म्हणजे अनुसयाबाईंना, ओरडून सांगत होता, "घरात पाखरू आनाचं नाई. सांगून ठेवतो. पोटुशी बाईनं पाखरू खाऊ नये." अनुसयाबाईंनी नंतर आमच्या आईपाशी कुरकुर केली. म्हणाल्या, "आमच्या वेळी हे असं काई नोतं. दोन जिवाच्या बाईले जे पाहिजे ते द्यावं." आईनं त्यांनाही तेच सांगितलं, आजारी पाखरू नको. अनुसयाबाईंनी मान हलवली. प्रेमळ बाई होती. तिला फार वर्षांनी घरात नातू बघायचा होता.

ते घडलं तो दिवस गुरुवारचा होता, कारण बाजाराचा दिवस होता आणि अर्धं गाव बाजाराला गेलेलं होतं. ऊन उतरायला लागलं होतं. आई बाहेरून आली, चपला काढत होती, तेवढ्यात गल्लीतून पोरांचा गलका ऐकू आला. गजूभाऊच्या दारातला पिवळा कुत्रा आडवा पडून झटके देत होता. तोंडातून फेसाळ लाळेची तार जमिनीपर्यंत लागली होती. आई त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याच्या डोळ्याची पापणी अंगठ्यानं वर केली. मी तिच्या मागे उभी होते. तिची पाठ एकदम ताठ झालेली मला दिसली.

"यानं काय खाल्लं?" तिनं विचारलं.

पोरांपैकी एक मुलगी म्हणाली, "अनुसयाबाईनं पाखराचं आतलं फेकलं होतं. ते खाल्लं त्यानं."

आई उठली आणि दार न वाजवता त्या घरात शिरली. मी मागोमाग गेले. चुलीवर कढई होती, रस्सा अजून वाफाळत होता. शोभावहिनी भिंतीला टेकून बसली होती. थंडीच्या दिवसांत तिच्या कपाळावरून, मानेवरून घाम ओघळत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, पण लाळ पुन्हा आली.

"काई नाई बाई," ती म्हणाली. "जराशी मळमळ होऊन राह्यली. डोळ्यापुढं अंधारल्यावानी वाटते."

आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून दाराच्या उजेडाकडे वळवला. अनुसयाबाई चुलीपाशी उभ्या होत्या, हातात झारा तसाच. नेमक्या त्याच वेळी बाहेर फटफटी थांबली. गजूभाऊ आत आला. त्यानं आधी कढई पाहिली आणि मग बायको.

"गजू, इकडे ये," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हिच्या डोळ्यांत पाह्य. बाहुली कुठी आहे, मले दाखव."

तो वाकला. मीही पाहिलं. शोभावहिनीच्या डोळ्यांतलं काळं मोहरीच्या दाण्याएवढं झालं होतं.

"फवारणीच्या दिवसांत मी असे डोळे पाह्यते," आई म्हणाली. "शेतात औषध मारून आलेल्या मानसाचे असे होतात. ही तं दोन महिने शेतात गेली नाई. मंग हे औषध हिच्या पोटात कुठून गेलं?"

आमच्या भागात तापाच्या गोळीलाही औषध म्हणतात आणि कपाशीवर मारायच्या विषालाही औषधच म्हणतात. आईनं तो शब्द उच्चारला आणि गजूभाऊच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तो आपल्या आईकडे वळला.

"तू तिले काय देल्लं?"

"शेजारच्या भागरथीनं आनून देल्लं, काठावर सापडलं तिले," अनुसयाबाई म्हणाल्या. "तिचं मन झालं होतं रे. वास येऊन राह्यला होता तिले गल्लीतून चार दिवसांपासून. कलेजी देल्ली तिले, कलेजी चांगली राह्यते..."

"मी नाई म्हनलं होतं ना तुले."

"काऊन नाई ते कुठं सांगतलंस?"

गजूभाऊ तिथेच जमिनीवर बसला. मोठा उंच माणूस, पण बसला तो एखादं पोतं टेकवावं तसा. "धानात कालवलं होतं," तो म्हणाला. "शेतातलं दानेदार औषध. सांजच्याले काठावर टाकत होतो. ढाब्यावाले म्हनत होते, जास्तीचे पाहिजे." मग तो नुसताच म्हणत राहिला, "बाई, ती वाचन ना? बाई, ती वाचन ना?"

आईनं त्याला दंडाला धरून उठवलं. "ट्रॅक्टर आन. ट्रॉलीत गादी टाक," एवढंच म्हणाली आणि धावत आमच्या घरी गेली. फवारणीच्या हंगामात तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं कपाटात शिल्लक होती. तिनं ती आणली. काचेच्या कुप्या मोडतानाचा तो टक्, टक् आवाज मला अजून ऐकू येतो. एक दिलं, डोळे पाहिले, दुसरं दिलं. अनुसयाबाईंनाही दिलं, कारण त्यांनी रस्सा चाखला होता आणि त्यांचेही हात थरथरायला लागले होते. ट्रॅक्टर आला. दोघींना गादीवर झोपवलं. आई शोभावहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, हातात पुढची सुई. जाताना तिनं मला सांगितलं, "भागरथीबाईपाशी राह्य. अन् सगळ्यांच्या घरी जाऊन सांग, बदकाचा तुकडाही कोनी खायचा नाई. जमिनीत पुरायला सांग, कुत्र्यापुढं टाकू नका म्हना."

मी घरोघर गेले. बायकांनी कढया उचलून परसात नेल्या आणि खड्डे करून त्यातलं सगळं पुरलं. कुणी माझ्यावर अविश्वास दाखवला नाही. कुत्रा तोवर थंड झाला होता आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता.

घरी परतले तेव्हा दिवस टेकडीमागे जात होता. मागचं दार उघडं राहिलं होतं. मी ते लावायला गेले आणि पाण्याकडे नजर गेली. राजहंस येत होते. रोज याच वेळी ते मधल्या खोल पाण्यातून काठाकडे यायचे, चरायला. एकामागे एक, मान वर, ते त्या उथळ टोकाकडे सरकत होते. तिथे काल संध्याकाळी टाकलेले दाणे असणार, परवाचेही असणार.

मी चुलीजवळची पितळी थाळी आणि पळी उचलली आणि पाळीकडे धावले. थाळी बडवत मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. राजहंस दचकून उडाले. इतके मोठे पंख एकदम उघडले की पाणी हललं, आणि ते माझ्या डोक्यावरून इतक्या खालून गेले की मला त्यांच्या पंखांचा वारा लागला. मी थांबले. त्यांनी तळ्यावर एक फेरी घातली आणि पुन्हा त्याच जागी उतरायला लागले. मी पुन्हा बडवली. ते पुन्हा उठले. मग भागरथीबाई आली, आपली ताटली घेऊन. पलीकडून उईके काका आणि त्यांच्या घरची माणसं पत्र्याचे डबे वाजवत आली. बाजारातून परतलेल्या बायका डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून थांबल्या आणि जिच्या हाती जे होतं ते वाजवू लागल्या. सगळा काठ माणसांचा झाला. एखाद्या सणाला वाजवावं तसं आम्ही वाजवत होतो. राजहंस उठायचे, ओरडत फिरायचे आणि उतरायचे. काही उतरले ते परत उठलेच नाहीत. त्यांच्या माना आमच्यासमोर पाण्यावर लवल्या. दिसेनासं झालं तेव्हा आम्ही थांबलो. अंधारात आता फक्त त्यांचा आवाज येत होता आणि तो कुठून येतोय ते कळत नव्हतं.

भागरथीबाईनं मला जवळ घेतलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की थाळीला पोचे पडले आहेत. ती वाटभर एकच वाक्य बोलत होती, "मीच देल्लं तिले. माह्याच हातानं देल्लं."

आई वर्ध्याहून परतली ती बाबांबरोबर. तिनं तीच साडी नेसलेली होती. शोभावहिनी वाचली, अनुसयाबाईही वाचल्या. पोटातलं लेकरू वाचलं नाही. मुलगा होता. आईनं हे सांगितलं आणि आंघोळीला गेली आणि फार वेळ बाहेर आली नाही. बाबा मधल्या खोलीत बसून दुर्बिणीचा पट्टा बोटांना गुंडाळत होते, सोडत होते. त्या रविवारी आम्ही पाळीवर गेलो नाही. त्यानंतरही, त्या गावात होतो तोवर, आम्ही दोघं मिळून तिथे कधी गेलो नाही.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी काठावर मोठा खड्डा खणवला, मेलेली पाखरं त्यात टाकली आणि वर चुना ओतला. गावातल्या पुरुषांनी तोंडाला फडकी बांधून मदत केली. पोलीस आले तेव्हा गजूभाऊ ओट्यावर बसलेला होता. त्यांनी हाक मारताच तो उठून त्यांच्याबरोबर चालू लागला. गावातली दोन-तीन जाणती माणसं आईकडे आली आणि म्हणाली की पोरगं वाईट नाही, तुमच्याही उपयोगी पडलं आहे, जरा सांभाळून सांगा. आईनं त्यांना चहा दिला. "तो उपयोगी पडला हेबी सांगन," ती म्हणाली. "अन् मी जे पाह्यलं तेबी सांगन." तिनं तसंच सांगितलं. काही घरं त्यानंतर दवाखान्यात यायची बंद झाली. पावसाळ्यात आजार वाढले तशी ती हळूहळू परत आली.

गजूभाऊ काही महिन्यांनी सुटून आला. खटला चालू राहिला. पुढे त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण नंतर आईची बदली झाली. हॉटेल बंद पडलं होतं. तो दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचा आणि मान खाली घालून परतायचा. शोभावहिनी माहेरी गेली होती. सगळ्यांना वाटलं, ती येणार नाही. आईलाही तसंच वाटत होतं. पण पोळा झाल्यावर तिचे वडील तिला फाट्यावर सोडून गेले आणि ती हातात गाठोडं घेऊन एकटी गावात आली. त्या घरात मग तिघं राहू लागली. ज्यानं दाणे टाकले तो, जिनं कलेजी रांधली ती, आणि शोभावहिनी. कुंपणापलीकडून मला भांड्यांचे आवाज यायचे, झाडूचा आवाज यायचा, कधी अनुसयाबाईंचं खोकणं. बोलणं यायचं नाही. भांडण तरी ऐकू यावं असं मला वाटायचं. आज माझं वय त्या वेळच्या अनुसयाबाईंपेक्षा जास्त आहे, घरं पुष्कळ पाहिली, पण इतकं शांत घर मी परत पाहिलं नाही.

पुढचं वर्ष. दिवाळी होऊन गेली होती, कपाशीची वेचणी सुरू होती. गावात कुणी उघड बोलत नव्हतं, पण सकाळी पाण्याला जाणाऱ्या बायका क्षणभर थांबून तळ्याकडे पाहायच्या. एका सकाळी मी मागच्या ओट्यावर दात घासत होते. वाफ होती. शोभावहिनी कुंपणापलीकडे, तळ्याकडे पाठ करून, अंगण सारवत होती. तिचा हात अर्धगोल फिरत होता, आणि मग थांबला. मलाही ऐकू आलं. वरून, धुक्यातून, लांबवरची ती हाक. मग पाण्यावर पाय घासत उतरल्याचा आवाज, एक, आणखी एक.

तिनं वळून पाहिलं नाही. "आले काय?" तिनं विचारलं.

"आले."

"लय आहेत?"

"मागच्या वर्षीसारखे नाहीत. पण आहेत."

तिनं पुन्हा सारवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू थाळी वाजवत होतीस म्हने त्या सांजच्याले. मले भागरथीनं सांगतलं."

"हो."

"उडत होते काय?"

"उडायचे," मी म्हणाले. "आणि फिरून पुन्हा तिथंच उतरायचे. कितीही वाजवलं तरी."

ती उठली. शेणाचे हात बादलीत बुडवून धुतले, पदराला पुसले. परत आल्यापासून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं.

"त्याईले दुसरी जागाच मालूम नसन," ती म्हणाली, आणि बादली उचलून घरात गेली.